याचकाची लाज

वऱ्हाडात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एकाची ओळख बाजाराने पटते, दुसऱ्याची रेल्वेने. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला. या मार्गाने कापूस बाहेर गेला आणि दुष्काळात धान्य आत आले. स्टेशनाच्या दाराशी पुढे होणारा हात चांदूरच्या वाचकास नवा नाही. त्या हातावर काय ठेवावे, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढे आहे. ख्रिस्ती माणसापुढे तो विशेष टोकदार होतो. कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात ख्रिस्त स्वतःस भुकेल्यांतच मोजतो.

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा एका चरित्रात अधिक स्पष्ट सापडते, असे आम्हांस वाटते. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब १८७४ च्या सुमारास दुष्काळात सापडले आणि आईबाप दोघेही गेले. मोलमजुरी येत नव्हती आणि भीक मागणे कुळाच्या अभिमानास सोसत नव्हते. आईच्या अखेरच्या आजारात भाकरीचा तुकडा मागण्यास रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, तेव्हा शब्दच ओठांबाहेर पडेना. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. भुकेपेक्षा मागण्याची लाज अधिक जाळते, हे ज्ञान त्यांस असे मिळाले.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्यप्रांतात त्या स्वतः गेल्या. उपाशी, निराधार मुली कोणाच्या हाती पडत होत्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे जणींस आश्रय दिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दीड हजारांवर गेली. तेथे केवळ अन्नछत्र घातले नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे त्या मुलींच्या हाती दिली होती. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले.

यावर मोठा आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे इतिहासकारास शोभणार नाही. भाकरीबरोबर धर्म दिला, तर ती दया कसली? १८९३ साली शारदासदनाविषयी हाच वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आमच्या मते या टीकेत तथ्य होते. भुकेल्याची संमती ही पूर्ण संमती नव्हे. परंतु टीकाकारांपैकी कितीजण त्या दुष्काळी मुलींस घरी आणावयास निघाले, हा प्रश्नही इतिहास तितक्याच निष्ठुरपणे विचारतो.

दया एका पंथाची मिरास नाही, हे अमरावती जिल्ह्यासच सांगावयास नको. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. आणि याच जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आंधळ्या-पांगळ्यांस पंक्तीस बसवून जेवू घातले. या तिघांची दैवते वेगळी, हात मात्र एकाच दिशेने गेले.

उलट सरकारने १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मागणे हाच अपराध ठरविला. त्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली. कायदा याचकास दृष्टीआड करू पाहतो. आपण टाकलेला पैसाही पुष्कळदा तेच करतो. तो टाकला की मान वळविण्यास आपण मोकळे होतो.

प्रेषितांच्या कृत्यांत मंदिराच्या दाराशी भीक मागणाऱ्या पांगळ्याची कथा आहे. पेत्राजवळ नाणे नव्हते; त्याने त्याचा उजवा हात धरून त्यास उभे केले. चमत्कार कोणी मानो वा न मानो, आम्हांस त्यातील हात धरणे महत्त्वाचे वाटते. नाणे दुरून टाकता येते, हात धरावयाचा तर जवळ जावे लागते. जी मुलगी शेजारणीच्या दारी बोलू शकली नाही, तिने पुढे शेकडो मुलींवर मागण्याची पाळीच येऊ दिली नाही. ख्रिस्ती दयेची, किंबहुना कोणत्याही दयेची, याहून खरी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.