जोडगोळी : पित्ताच्या औषधाचा इतिहास आणि आपण

आमच्या कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे देऊळ आहे आणि कच-देवयानीची कथा येथलीच, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. असुरांनी कचाला मारले, जाळले, त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य खुद्द गुरूलाच पाजले. पुढे काय झाले ते कोपरगावकरांना सांगावयास नको. सर्वांचे लक्ष संजीवनी विद्येकडे जाते. आमचे मात्र त्या पेल्याकडे जाते. एवढा ज्ञानी आचार्य, परंतु पेल्यात काय कालवले आहे हे त्याने विचारले नाही, आणि ते त्याच्या पोटावर बेतले. पोटात जाणाऱ्या मिश्रणात काय आहे, हे विचारण्याचा इतिहास हाच आमचा आजचा विषय होय.

छातीत जळजळले, मळमळले, ओकारी आली की माणूस औषधाच्या दुकानात जाऊन ‘पित्ताची गोळी’ मागतो. त्याच्या हाती जी पडते ती बहुधा एका औषधाची नसते. ती जोडगोळी असते. पँटोप्राझोल आणि डोमपेरिडोन ही त्यांतील सर्वांत परिचित जोडी. पहिले औषध जठरातील आम्ल तयार होणे रोखते. दुसरे मळमळ थांबवते आणि जठरातील अन्न पुढे ढकलते. कामे दोन, औषधे दोन, परंतु गिळणाऱ्याच्या लेखी ती एकच.

अम्लपित्त आपल्याला नवे नाही. माधवनिदानात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु हे आम्ल म्हणजे नेमके काय, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी १८२२ साली अमेरिकेत अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या मजुराच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण पोटाचे भोक बुजले नाही. डॉ. बोमाँ याने त्याला चाकरीस ठेवून त्या भोकातून जठराचे काम पाहिले आणि १८३३ मध्ये ग्रंथ लिहिला. जगाला जठर दिसले ते एका मजुराच्या पोटातून. आम्ही कामगार चळवळीतले, म्हणून ही गोष्ट विसरत नाही.

पुढची दीडशे वर्षे खायचा सोडा, आम्ल मारणारी चूर्णे आणि अखेर शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन निघाले. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल आले. पँटोप्राझोल हे त्याचेच भावंड. डोमपेरिडोन सत्तरच्या दशकातले, बेल्जियमचे. दरम्यान ऑस्ट्रेलियात वॉरेन आणि मार्शल यांनी दाखवले की जठरातील बहुतेक व्रणांचे मूळ एका जंतूत आहे. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू पेल्यात घेऊन प्राशन केला. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. शुक्राचार्यांच्या आणि मार्शल यांच्या पेल्यांत फरक एवढाच, की मार्शल यांना आपण काय पितो हे ठाऊक होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे स्वस्त झाली, हे मोठे काम झाले. परंतु स्वस्ताईबरोबर नावांचा आणि मिश्रणांचा सुळसुळाटही झाला. १९७५ मध्ये हाथी समितीने ११७ आवश्यक औषधांची यादी सुचवली आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत असे म्हटले. ते झाले नाही. महाराष्ट्रात लोक विज्ञान संघटनेसारख्या मंडळींनी अशास्त्रीय मिश्रणांविरुद्ध गावोगाव बोलणे सुरू केले. १९८८ मध्ये नियम झाला की नवे मिश्रण म्हणजे नवे औषधच, त्याला केंद्राची मान्यता हवी. तरीही राज्यांचे परवाने चालूच राहिले. २०१२ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मग बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने हजारो मिश्रणे तपासली. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ गेली.

पँटोप्राझोल-डोमपेरिडोनची जोडगोळी मात्र चालू आहे, आणि योग्य रोग्याला ती उपयोगीही आहे. परंतु डोमपेरिडोनने काही जणांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये सांगितले : ते फक्त मळमळ-उलटीसाठी द्यावे, मोठ्या माणसास एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून फार तर तीनदा, आणि सहसा आठवड्याहून अधिक नाही. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही. ज्याला नुसती जळजळ आहे, मळमळ नाही, त्याने हे दुसरे औषध का गिळावे? जोडगोळीचा मुख्य दोष हाच, की एक हवे असता दोन पोटात जातात.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. बरीच वर्षे झाली. गळिताच्या हंगामात रात्रपाळीला एका सोबत्याच्या छातीत जळजळू लागले, घाम फुटला. तो आठवडेच्या आठवडे पित्ताची गोळी घेत असे. आम्हीच म्हणालो, "पित्तच असेल," आणि खिशातली गोळी दिली. तास गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. ते पित्त नव्हते, हृदयविकाराचा झटका होता. गोळीने त्याला मारले नाही. आमच्या अज्ञानाने तो तास खाल्ला. त्यानंतर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो.

वाचून जे कळले ते थोडक्यात असे. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यावी. पाकिटावरची तांबडी रेघ त्यासाठीच असते. सकाळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, अख्खी गिळावी, चावू वा कुटू नये. हृदयाचा वा यकृताचा विकार, गरोदरपण, अंगावर पाजणे, चालू असलेली इतर औषधे, विशेषतः एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन वा बुरशीवरची औषधे, हे सारे डॉक्टरला आधी सांगावे. धडधड झाली वा भोवळ आली तर गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. महिनोन्‌महिने पँटोप्राझोल घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घटू शकते, हाडे कच्ची होऊ शकतात. उलटीत रक्त, काळा शौच, गिळताना अडथळा, वजनात घट, किंवा घामासह छातीत कळ, यांपैकी काही दिसले तर ते पित्त समजूच नये.

आणि मूळ कारण पाहावे. ऊसतोडीत पाठ मोडते म्हणून दुखण्याची गोळी, तिने जळजळ होते म्हणून पित्ताची गोळी, ही साखळी आम्ही रोज पाहतो. पाळीच्या कामात जेवणाची वेळ ठरलेली असणे, हेही एक औषधच आहे, आणि ते दुकानात मिळत नाही. ते मागून, झगडून घ्यावे लागते.

कामगाराने हजेरीपत्रक वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये, हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो. तेच गोळीच्या पाकिटाला लागू आहे. व्यापारी नाव दुकानाचे असते. औषधांची दोन नावे आपल्या पोटाची असतात. ती वाचावी, न कळल्यास विचारावी. शुक्राचार्यांपाशी संजीवनी होती, म्हणून त्यांची चूक निभावली. आपल्यापाशी ती नाही.