आदिलाबादचा पोलीस पाटील

निजामी अमलात आदिलाबादकडच्या गावात दोन पाटील असत. माली पाटील सारा वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही आणि दप्तर पटवारी सांभाळी. तिन्ही कामे घराण्यात चालत. पोलीस पाटलाच्या हाताखाली शेतसिंधी हा गावचा शिपाई असे. मराठीतल्या शेतसनदीशी नाते सांगणारा हा शब्द. विहिरीत प्रेत सापडले की पाटील तिथे राखण बसवी, शेतसिंधीला चिठ्ठी देऊन ठाण्याकडे पिटाळी आणि पंच गोळा करून ठेवी. ठाणे कोसभर लांब असो की दहा कोस, अंमलदार येईपर्यंत सरकार म्हणजे हा पाटीलच.

निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत आखणी केली आणि त्यानंतर पगारी पोलीस खाते उभे राहिले. जिल्ह्याला मोहतमीम, ठाण्याला अमीन, खाली जमादार, दफेदार, जवान अशी उतरंड होती. हैदराबाद शहराचा कोतवाल या उतरंडीबाहेरचा. आदिलाबाद आधी सिरपूर-तांडूर या उपजिल्ह्यात मोडे. 1905 मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जोडेघाटच्या डोंगरात 1940 मध्ये गोंड नेता कुमराम भीम आणि त्याचे साथीदार याच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भांडण जंगलजमिनीचे होते. ते मिटवायला बंदुका धाडल्या गेल्या.

भाषावार प्रांतरचनेत 1956 साली आदिलाबादचे किनवट आणि राजुरा नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे 1959 मध्ये चांद्याला गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. एकाच जिल्ह्यातली गावे दोन राज्यांत गेली आणि पोलीस पाटलाच्याही वाटा फुटल्या. महाराष्ट्राने वतनी पाटीलकी मोडली, पण 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा म्हणून ठेवला. आता त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. परीक्षा, मुलाखत आणि मानधन. पाटलाच्या पोराला वशिल्याशिवाय पेपर सोडवावा लागतो, हे त्याच्या आजोबांना पटले नसते. आंध्र प्रदेशात मात्र एन. टी. रामाराव सरकारने जानेवारी 1984 मध्ये एका वटहुकुमाने ग्रामाधिकाऱ्यांची सगळी पदेच रद्द केली. आदिलाबादच्या गावातला पोलीस पाटील त्यात गेला.

पोलिसांची वरची साखळी त्यानंतरही बदलत राहिली. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आदिलाबाद, निर्मल आणि आसिफाबादला आपापले पोलीस अधीक्षक मिळाले. मंचेरियाल रामगुंडमच्या पोलीस आयुक्तालयात गेले.