श्वास मोजणारे हात



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. आज मुरुडच्या या व्यासपीठावरून आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, त्यात यातले काहीच नाही. त्यात आहे एक आजारी तान्हे मूल आणि मिनिटभर त्याच्या छातीकडे टक लावून बसलेली एक बाई. परंतु या एका मिनिटाने जितके जीव वाचवले, तितके पुष्कळ लढायांनी मारलेही नसतील.

न्यूमोनिया हा शब्द आपल्याकडे नवा, पण रोग जुना. मराठीत लेकरांच्या या दुखण्याला 'डबा' म्हणत आले. 'लेकराचं पोट उडतंय' असे आई म्हणते, तेव्हा तिने रोगाचे मुख्य लक्षणच पकडलेले असते. तिच्यापाशी नव्हता तो उपाय. म्हणून मग अंगारा लावला जाई, पोटावर बिब्बा घातला जाई, क्वचित डागही दिला जाई. त्या आईला अडाणी म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. कारण उपाय ज्यांच्यापाशी होता ते तिच्या दारापर्यंत पोचलेच नव्हते.

उपाय निघाला नव्हता असे नाही. फ्रान्समध्ये लाएनेकने १८१६ मध्ये छाती तपासण्याची नळी तयार केली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे पेनिसिलिन आले आणि १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन होऊन ते महाराष्ट्राच्या भूमीवरच तयार होऊ लागले. रोग ठाऊक, औषध ठाऊक, आणि तरीही खेड्यातले मूल मरतच राहिले! असे का व्हावे? कारण उघड आहे. औषध शहरात, डॉक्टर तालुक्याला आणि मूल वस्तीवर. हा रोग तर दोन-तीन दिवसांत लेकराचा घास घेतो. गाडी जुंपून दवाखाना गाठेपर्यंत वरातीमागून घोडे अशी गत होई. शिवाय रोगाला नाव देण्याचा अधिकार गळ्यात नळी असलेल्यालाच, अशी समजूत पक्की होती.

ही समजूत हळूहळू मोडली. पंजाबात नारंगवाल येथे १९६८ ते १९७३ या काळात डॉ. कार्ल टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यसेविकांच्या हाती न्यूमोनियाचा उपचार दिला व बालमृत्यू कमी झाल्याचे दाखवले. आपल्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित, निरक्षर, दलित स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. पापुआ न्यू गिनीत डॉ. फ्रँक शान यांनी एक साधा प्रश्न विचारला: नळी नसेल तर न्यूमोनिया कशावरून ओळखावा? उत्तर सापडले ते असे की, खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजा, आणि श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का ते पाहा. म्हणजे आपली आई 'पोट उडतंय' म्हणत होती, तिथेच शास्त्र फिरून आले!

यापुढचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला. ऑगस्ट १९८२ मध्ये आपला लातूर जिल्हा झाला, त्याच महिन्यात गडचिरोलीही जिल्हा झाला. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. १९८८ मध्ये त्यांनी ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावचे आरोग्यसेवक आणि बाळंतपण करणाऱ्या दाया यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. दुसऱ्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहू दिली. मिनिट संपल्याचे घड्याळाशिवाय कसे कळावे आणि दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या दाईने श्वास कसे मोजावेत? त्यासाठी पुढे एक साधे यंत्र तयार झाले. वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर हात गेला, तर न्यूमोनिया.

निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८, तर तुलनेच्या गावांत शेकडा १३.५. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आज ही रीत जगभर चालते. मूल शांत असताना, रडत नसताना, पुरते एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाला ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. तान्ह्याला थेट दवाखान्यात न्यायचे. मोठ्या मुलाला तोंडाने अमॉक्सिसिलिन पुरते. मात्र मूल पीत नसेल, सारखे ओकत असेल, झटके येत असतील किंवा सुस्त पडले असेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठायचे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' मोहीम काढली, आणि २०२१ मध्ये न्यूमोकॉकसची लस देशभर लागू झाली.

परंतु लस आणि औषध स्वतःच्या पायांनी चालत नाहीत. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीनंतर कोयते ऊसतोडीला निघतात. फडाशेजारच्या कोपीत थंडी, चुलीचा धूर आणि पहाटेच फडावर गेलेली आई. तिथल्या लेकराचा श्वास मोजायला कोणी तरी गेले पाहिजे. २००५ पासून गावात हे काम आशाताईवर आहे. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशाताईंना संप करावा लागला. कारण सरकारी कागदात त्या 'स्वयंसेविका' आहेत आणि त्यांना वेतन नव्हे, मोबदला मिळतो. त्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस २०१३ मध्येच भारतीय श्रम परिषदेने केली होती.

कोणी म्हणेल, हे कामगार चळवळीचे तुणतुणे आरोग्याच्या इतिहासात कशाला? आमचे उत्तर असे की, हा इतिहास मुळात श्रमाचाच आहे. पंजाबातल्या सेविकेने, जामखेडच्या निरक्षर स्त्रीने आणि गडचिरोलीच्या दाईने सिद्ध केले की रोगनिदान हे कौशल्य आहे आणि ते कष्टकरी माणसाला शिकता येते. कौशल्य मान्य करायचे आणि ते वापरणाऱ्या हाताला कामगार म्हणायचे नाही, हा न्याय आम्हाला पटत नाही. पोट भरण्यासाठी ज्या बाईला दुसरीकडे रोजंदारीला जावे लागते, तिला कोपीशी मिनिटभर बसायला सवड कुठून मिळणार? आणि त्या एका मिनिटावरच लेकराचा जीव अवलंबून असतो.