बाप्तिस्म्याचे कुंड आणि तीर्थाची कल्पना

कॅथलिक चर्चमध्ये शिरणारा भाविक दाराजवळच्या लहानशा पात्रात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतो. ही कृती पाहून मराठी अभ्यासकाला देवळातील तीर्थ आठवावे, हे स्वाभाविकच आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात या पाण्यात अभिमंत्रित मीठ मिसळण्याचा विधी सांगितला असल्याने साम्याचा मोह अधिकच वाढतो. परंतु तौलनिक विचार येथेच थांबला तर घोटाळा होतो. तीर्थ रोज नव्याने लाभते; दारातले पाणी मात्र आयुष्यात एकदाच घडलेल्या संस्काराचे स्मरण देते. तो संस्कार कुंडाचा.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो. म्हणजे कुंड ही आधी कबर आहे, मग गर्भ. अनेक जुनी कुंडे अष्टकोनी असतात, ती पुनरुत्थानाच्या ‘आठव्या दिवसा’ची खूण म्हणून. मळ धुण्याची कल्पना येथे आहे; पण ती दुय्यम, असे मला वाटते.

गोव्यात बाणावलीच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये १६५१ साली जोसेफ वाझ यांचा बाप्तिस्मा झाला. ते कुंड आजही दाखवले जाते. (वाझ २०१५ मध्ये संत घोषित झाले.) त्याच साष्टीत, राचोल येथे, १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. त्याची चौकट लक्षणीय आहे : बाप्तिस्मा घेतलेला श्रोता गुरूपुढे, जुनी पुराणे सुटली, आता आम्ही काय वाचावे, अशा अर्थाचा प्रश्न मांडतो. कुंडातून बाहेर पडणाऱ्याला पोर्तुगीज नाव मिळत असे. कान मात्र ओवीचाच राहिला होता. स्टीफन्स यांनी ते ओळखले, हे त्यांचे मोठेपण.

जात मात्र त्या पाण्यात विरघळली नाही. कुंड सर्वांना एक असले, तरी गोव्यातील अनेक चर्चमधील बंधुसंघ जातवार राहिले. पुढे १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकर यांनी हजारो कॅथलिक गावड्यांना शुद्धिविधीने हिंदू धर्मात परत घेतले. चर्चच्या शिकवणुकीनुसार बाप्तिस्म्याचा ठसा पुसता येत नाही, तर शुद्धीच्या दृष्टीने तो पुसण्याजोगाच होता. परत आलेल्या या कुटुंबांना ‘नवहिंदू गावडे’ असे वेगळेच नाव पडले.