गुलामाच्या सुटकेचा फार्स
‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ असे लांबलचक नाव धारण करणारा संगीतप्रधान विनोदी चित्रपट १९६६ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर. त्याच नावाची संगीतिका ब्रॉडवेवर ८ मे १९६२ रोजी रंगभूमीवर आली होती आणि तिचे ९६४ प्रयोग झाले. बर्ट शेव्हलव्ह व लॅरी गेलबार्ट यांचे लेखन, स्टीफन सॉन्डहाइम यांची गीते व संगीत. ‘इकडे येताना वाटेत एक गंमत झाली’ अशी सुरुवात करण्याची अमेरिकन नकलाकारांची जुनी रीत होती. त्यातल्या नाट्यगृहाच्या जागी रोमचा मुख्य चौक, म्हणजे फोरम घातला आणि हे नाव तयार झाले. नाटकात त्या चौकाचे दर्शनही घडत नाही, हा भाग वेगळा.

या साऱ्याचे मूळ मात्र ब्रॉडवेपेक्षा फार जुने आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या प्लॉटस या रोमन नाटककाराची सुमारे वीस नाटके आज उपलब्ध आहेत. ग्रीक सुखात्मिकांची कथानके घ्यायची, पात्रांना ग्रीक पोशाख चढवायचा आणि बोलणे-वागणे मात्र रोमन प्रेक्षकाला आपले वाटेल असे ठेवायचे, ही त्याची पद्धत. त्या काळी रोममध्ये दगडी नाट्यगृह नव्हते. उत्सवापुरता लाकडी रंगमंच उभारला जाई. पहिले कायमचे दगडी नाट्यगृह पाँपीने बांधले ते इ. स. पूर्व ५५ मध्ये. प्लॉटसच्या नाटकांतील निम्म्याहून अधिक ओळी जोडपाव्याच्या साथीवर म्हटल्या जात. त्यामुळे प्लॉटसला संगीतिकेचा साज चढवणे ही ब्रॉडवेची कल्पकता खरीच. पण तो साज त्याच्या अंगावर आधीपासूनच होता.

‘स्यूडोलस’ हे त्याचे नाटक इ. स. पूर्व १९१ मध्ये देवीच्या मंदिराच्या प्रतिष्ठापनेप्रसंगी सादर झाले. मालकाच्या तरुण मुलाचे एका गणिकेवर प्रेम आहे. तिच्या मालकाने तिला वीस मिना घेऊन एका मॅसिडोनियन सैनिकाला विकले आहे. पंधरा मिना पोहोचल्या, पाच यायच्या आहेत. घरचा चतुर गुलाम स्यूडोलस सैनिकाच्या निरोप्याला गाठतो, त्याच्याकडचे पत्र लंपास करतो आणि मुलीला सोडवून आणतो. बक्षीस काय, तर म्हाताऱ्या मालकाशी लावलेली पैज तो जिंकतो आणि अखेरीस दारूच्या नशेत झुलत रंगमंचावर येतो. गुलाम तो गुलामच राहतो. रोमन प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटले नसावे. उत्सवापुरती मालकाची फजिती, दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनीच घडी.

शेव्हलव्ह आणि गेलबार्ट यांनी नेमके इथेच बोट ठेवले. त्यांनी ‘माइल्स ग्लोरिओसस’मधला बढाईखोर सेनानी घेतला, ‘मोस्टेलारिया’मधले झपाटलेल्या घराचे थोतांड घेतले, पण सर्वांत मोठा बदल केला तो गुलामाच्या हेतूत. त्यांच्या स्यूडोलसला पैज जिंकायची नाही, त्याला स्वातंत्र्य हवे आहे. मालकाचा मुलगा हीरो शेजारच्या कुंटणखान्यातील फिलियावर भाळला आहे. ती मिळवून दिलीस तर तुला मुक्त करीन, असे वचन तो देतो आणि फार्सची चक्रे फिरू लागतात. फिलिया आधीच सेनानीला विकली गेलेली आहे. हीरोचा बाप तिला नवी मोलकरीण समजतो. शेजारचा म्हातारा एरोनिअस चाच्यांनी पळवलेल्या मुलांचा शोध घेऊन परततो, तेव्हा घर झपाटले आहे असे सांगून त्याला रोमच्या सात टेकड्यांना सात प्रदक्षिणा घालायला पिटाळले जाते. फिलिया मेल्याचे सोंग वठवण्यासाठी घाबरट गुलाम हिस्टेरियमला वधूवेष नेसवून तिरडीवर झोपवतात. प्रत्येक थाप आधीच्या थापेला सावरण्यासाठी मारलेली आणि तिनेच नवे संकट ओढवलेले. रंगमंचावर हे सारे एका रस्त्यावर, तीन घरांच्या दारांत, एका दिवसात घडते. रोमन सुखात्मिकेची ही चौकट लेखकांनी काटेकोरपणे पाळली होती.

वॉशिंग्टनमधील पूर्वप्रयोगांत मात्र हे नाटक पडले. तेव्हा नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांना पाचारण करण्यात आले. त्यांचे निदान अचूक होते : सुरुवातीचे हळुवार प्रेमगीत प्रेक्षकांची दिशाभूल करते, पुढे धुमाकूळ आहे हे त्यांना कळतच नाही. सॉन्डहाइम यांनी ‘कॉमेडी टुनाइट’ हे नवे गाणे लिहिले आणि या नांदीने नाटक तरले.

या मदतीला एक कडवट पार्श्वभूमी होती. स्यूडोलस साकारणारे झीरो मोस्टेल आणि हिस्टेरियम साकारणारे जॅक गिलफर्ड हे दोघेही १९५०च्या दशकातील कम्युनिस्टविरोधी मोहिमेत काळ्या यादीत गेले होते. दोघांचेही चित्रपट-दूरचित्रवाणीतील काम जवळपास थांबले होते. आणि रॉबिन्स यांनी १९५३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना ज्यांची नावे घेतली, त्यांत गिलफर्ड यांच्या पत्नी मॅडलिन ली यांचेही नाव होते. तरीही या दोन्ही नटांनी रॉबिन्स यांच्यासोबत काम केले. १९६३ मध्ये मोस्टेल यांना टोनी पुरस्कार मिळाला, नाटकही सर्वोत्कृष्ट संगीतिका ठरले. सॉन्डहाइम यांना मात्र संगीतासाठी साधे नामांकनही नव्हते.

चित्रपटासाठी मोस्टेल आणि गिलफर्ड यांना त्यांच्याच भूमिकांत घेण्यात आले. कुंटणखान्याचा मालक लायकस झाले फिल सिल्व्हर्स. मूळ नाटकात स्यूडोलसची भूमिका आधी त्यांनाच देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. हीरोच्या भूमिकेत मायकेल क्रॉफर्ड हा तरुण नट आला, तोच पुढे १९८६ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मुळे जगभर गाजला. चित्रीकरण स्पेनमध्ये झाले. छायाचित्रणकार होते निकोलस रोग, जे पुढे स्वतः नामवंत दिग्दर्शक झाले.

लेस्टर तेव्हा बीटल्सच्या दोन चित्रपटांमुळे प्रकाशझोतात होते. तुटक दृश्ये, झपाटेदार संकलन, कॅमेऱ्याच्या खोड्या ही त्यांची ओळख. फार्सला गती हवी हे खरे. पण फार्सची गती दारांच्या उघडझापीतून आणि नटांच्या अचूक वेळेतून येते, संकलकाच्या कात्रीतून नव्हे. मोस्टेलसारखा अंगाने धिप्पाड आणि पावलांनी हलका नट पडद्यावर असताना कॅमेऱ्याने स्वस्थ बसायला काय हरकत होती, असा प्रश्न चित्रपट पाहताना वारंवार पडतो. गाण्यांवर तर कुऱ्हाडच चालली. ‘कॉमेडी टुनाइट’, ‘लव्हली’ आणि आणखी मोजकी गाणी उरली, बाकी गळाली. गळालेल्यांत ‘फ्री’ हे गीत होते. स्वातंत्र्य हा शब्द जिभेवर घोळवून पाहणाऱ्या, मुक्त झाल्यावर आपण काय काय करू याची स्वप्ने रंगवणाऱ्या गुलामाचे ते गीत. नाटकाचा सगळा खटाटोप ज्या इच्छेवर उभा आहे, तिलाच चित्रपटात गाणे उरले नाही. वाचलेल्या गाण्यांत घरोघरी मोलकरीण हवी म्हणून चार पुरुषांनी मिटक्या मारणारे गाणे मात्र आहे.

तरीही लेस्टर यांना गुलामगिरी दिसली नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाण्यातून त्यांनी जे काढून घेतले, ते चित्रातून काही अंशी परत केले. हॉलीवूडचे रोम म्हणजे संगमरवराचे खांब आणि इस्त्री केलेले झगे. त्याऐवजी येथे मळकट भिंती, बाजारातला चिखल, भाजीपाला, जनावरे, माश्या आहेत. मुख्य पात्रे पुढे हसवत असतात आणि चौकटीच्या कडेला कुणीतरी निमूटपणे ओझे वाहत असते. टोनी वॉल्टन यांच्या कलादिग्दर्शनाचा त्यात मोठा वाटा आहे. रोमन जीवनाची ही बाजू रंगमंचावर अशी दाखवता आली नसती.

एरोनिअसच्या छोट्या भूमिकेत बस्टर कीटन आहेत. मूकपटांच्या या बादशहाने १९२३ मध्ये ‘थ्री एजेस’मध्ये रोमन रथशर्यतीची टर उडवली होती. चार दशकांनंतर ते पुन्हा रोममध्ये आले, तेव्हा गंभीर आजारी होते. निर्विकार चेहऱ्याने प्रदक्षिणा घालणारा, गोंधळात मधूनच डोकावून पुन्हा चालू लागणारा हा म्हातारा चित्रपटातील सर्वांत शांत आणि म्हणूनच कदाचित सर्वांत विनोदी माणूस आहे. १ फेब्रुवारी १९६६ रोजी कीटन यांचे निधन झाले. चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावर आला.

कथेची उकल प्लॉटसच्याच धर्तीवर होते. एरोनिअसच्या हरवलेल्या अपत्यांच्या बोटांतील सारख्या अंगठ्या उपयोगी पडतात. सेनानी आणि फिलिया भावंडे निघतात. लग्न मोडते आणि हीरोला फिलिया मिळते. फिलिया मुक्त होते ती कोणाला दया आली म्हणून नव्हे, तर ती जन्माने नागरिकाची कन्या ठरते म्हणून. स्यूडोलसला वचन दिल्याप्रमाणे स्वातंत्र्य मिळते. नाटकात त्याबरोबर आणखी एक बक्षीस त्याच्या पदरात पडते : जिम्नेशिया ही लायकसकडची गुलाम स्त्री. मुक्त झालेला गुलाम त्याच क्षणी मालक होतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून जाते. लेखकांना हा उपरोध अभिप्रेत होता की केवळ सुखान्ताची जोडी जमवायची होती, हे नाटक उघड करत नाही.

चित्रपटाला संगीत-रूपांतराचे ऑस्कर मिळाले, ते केन थॉर्न यांना. चाली सॉन्डहाइम यांच्याच होत्या. स्यूडोलसची भूमिका पुढेही नटांना यश देत राहिली : एकदा नाकारलेली ही भूमिका सिल्व्हर्स यांनी १९७२च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात केली आणि टोनी मिळवला, १९९६ मध्ये नेथन लेन यांनीही तोच मान पटकावला. चित्रपटाच्या अखेरची श्रेयनामावली रिचर्ड विल्यम्स यांनी चलचित्रांतून रंगवली आहे. रोमन भित्तिचित्रांच्या धाटणीच्या आकृती, आणि त्यांच्या अंगाखांद्यांवरून निवांत फिरणाऱ्या माश्या.