पंपाच्या पाटीवरचा ‘हेड’ आणि आपल्या विहिरीचा हेड : मोटार घेण्याआधी आलेख असा वाचा

रोहा : पावसाळी भात निघाला की रोहा आणि पेण तालुक्यांत वाल, भाजीपाला, कलिंगडासाठी पाणी उपसायची धावपळ सुरू होते. मोटार घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, “किती एचपी?” आणि दुसरा, “हेड किती मारते?” पाटीवर जो सगळ्यात मोठा आकडा दिसेल ती मोटार चांगली, असा समज पक्का आहे. बहुतेक नुकसान इथूनच सुरू होतं.

पंपासोबत कंपनीचं पत्रक येतं, त्यात एक उतरती वाकडी रेघ असते. उभ्या बाजूला हेड म्हणजे पाणी किती मीटर चढवायचं ते, आडव्या बाजूला दर सेकंदाला किती लिटर ते. हेड वाढला की पाणी कमी, हेड कमी झाला की पाणी जास्त, एवढंच ती रेघ सांगते. डावीकडे वर टोकाला जो कमाल हेड दिसतो तिथे पाणी शून्य असतं. पंप फिरतो, पण थेंब पडत नाही. दुकानात ऐकायला मिळणारा मोठा आकडा बरेचदा हाच असतो. कामाचा आकडा वेगळा, तो पाटीवर ड्युटी पॉइंट म्हणून लिहिलेला असतो. त्याच्या बाजूला हेड रेंज असते, म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हेडवर हा पंप चालवायचा ते.

उदाहरणासाठी ३ एचपीचा एक मोनोब्लॉक धरू. ड्युटी पॉइंट २४ मीटरला ५.५ लिटर, रेंज १६ ते २८ मीटर. त्याच्या आलेखावर १८ मीटरला साधारण ७ लिटर आणि ३० मीटरला जेमतेम ३ लिटर दिसतं.

आता शेतावरचा हिशेब. मे महिन्यात विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत उभी उंची ११ मीटर, म्हणजे ३६ फूट. पाइप १५० मीटर लांब, ६३ मिलिमीटरचा. दर सेकंदाला साडेपाच लिटर पाणी नेताना या पाइपात घर्षणाने जवळपास साडेअकरा मीटर हेड खाल्ला जातो. फुटवॉल, बेंड यांचा दीड मीटर धरला की एकूण २४. म्हणजे निम्मा हेड पाणी चढवण्यात नाही, पाइपाला घासण्यातच जातो. तेवढ्याच पाण्याला ९० मिलिमीटरचा पाइप टाकला तर घर्षण दोन मीटरच्या आसपास येतं आणि एकूण हेड साडेचौदा होतो. एवढं काम चांगला २ एचपीचा पंप करतो. पाइपाला एकदाच जास्त पैसे लागतात, बारीक पाइपाची किंमत मात्र दर हंगामात मोजावी लागते.

पण मोठा पाइप टाकून जुना ३ एचपी पंप तसाच ठेवला तर? डिसेंबरात विहीर भरलेली, उभी उंची फक्त ५ मीटर. एकूण हेड अकराच्या आसपास येतो, म्हणजे रेंजच्या खाली. पंप धो धो पाणी टाकतो, मालक खूश होतो. पण अशा सेंट्रीफ्यूगल पंपात पाणी जास्त निघालं की मोटारीवरचा भार आणि अँपिअर वाढतात. ओव्हरलोड रिले नीट लावलेला नसेल तर मोटार थेट रिवाइंडिंगला जाते. जास्त हेडचा पंप कमी उंचीवर “आरामात चालेल” हा समज म्हणूनच महाग पडतो. पंप घेऊन झालाच असेल तर डिलिव्हरीचा वॉल थोडा आवळून अँपिअर पाटीवरच्या आकड्याखाली आणावेत. सक्शनच्या बाजूला मात्र कधीही आवळू नये.

कोकणात हिशेब एकदा करून भागत नाही. डिसेंबरातली विहीर आणि मेमधली विहीर यात कितीतरी फूट फरक पडतो, दोन्ही आकडे रेंजमध्ये बसले पाहिजेत. कुंडलिकेवरून उपसणाऱ्यांचं आणखी वेगळं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कुंडलिकेला मिळतं. कोलाडकडे तर पाणी सुटण्याच्या वेळेवरच राफ्टिंग चालतं. नदीची पातळी दिवसात वरखाली होते, तेव्हा उंची मोजायची ती पाणी उतरलेलं असताना. रोह्याच्या खाली खाडीचं पाणी लागतं, पेणच्या खारेपाटातही तेच. साधे शेतीपंप स्वच्छ गोड्या पाण्यासाठी असतात. खाऱ्या पाण्यात आलेख कितीही जुळला तरी इम्पेलर टिकत नाही.

वर ठेवायच्या मोनोब्लॉकला सक्शनची मर्यादा असते. कागदावर १० मीटर, प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच. मेमध्ये पाणी त्याखाली गेलं की पंपात खडी घातल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर खरवडतो. अशा विहिरीला ओपनवेल सबमर्सिबल बरा.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत एचपी जमिनीच्या क्षेत्रावर ठरते, अडीच एकरापर्यंत ३ एचपी. पण क्षेत्रावरून हेड कळत नाही, तो आपणच मोजून सांगावा. सौरपंपात उन्हाप्रमाणे फेरे बदलतात. फेरे १० टक्के घटले की हेड १९ टक्के घटतो, निम्मे झाले तर पाव उरतो. म्हणून ढगाळ दिवशी पंप फिरतो, पण पाणी वर येत नाही. पंप बिघडलेला नसतो. डिझेल इंजिनावर पुली बदलणाऱ्यांनाही हाच नियम.

पंप बसवल्यावर २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजावं. ३६ सेकंदांत भरला तर साडेपाच लिटर. ५० सेकंद लागले तर फक्त चार, म्हणजे काहीतरी चुकलंय. फुटवॉलमध्ये कचरा अडकला असेल, सक्शन हवा धरत असेल किंवा इम्पेलर झिजला असेल. थ्री फेज मोटार असेल आणि नुकतंच वायरमनने काम केलं असेल, तर आधी फिरण्याची दिशा पाहावी. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, त्यामुळे चूक कित्येक दिवस लक्षात येत नाही. दोन फेजच्या वायरी आपसात बदलल्या की दिशा सरळ होते. हे काम मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावं.