घोडबंदरचा रस्ता आणि बिबट्याची वाट

रस्त्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे त्यावरून कोण कोण गेलें तें सांगावयाचें, असा प्रघात आहे. ठाण्याहून निघणाऱ्या घोडबंदर रस्त्याचा इतिहासहि तसा सांगतां येईल. अरबांशीं घोड्यांचा व्यापार चाले म्हणून त्या बंदराला घोडबंदर हें नांव पडलें. पोर्तुगीजांनीं तेथें किल्ला बांधिला. वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत तो मुलूख मराठ्यांकडे आला व पुढें इंग्रजांकडे गेला. परंतु हा रस्ता आडवा ओलांडून कोण गेलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अलीकडच्या काळांतील एक आशादायक हकीकत मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरांत दडलेली आहे.

रस्त्याच्या दक्षिणेस येऊरचे डोंगर व शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच उद्यानाचा नागला हा भाग रस्त्याच्या उत्तरेस, वसईच्या खाडीकांठीं आहे. आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वरचें अभयारण्य. माणसाच्या नकाशावर हे तीन तुकडे; बिबट्याच्या लेखीं तें एकच रान. याच रस्त्यावरील वाघबीळ गांवाचें नांव जुन्या शेजाराची साक्ष देतें, आणि वारली लोक वाघोबाला देव मानून त्याचें पूजन करीत आले आहेत. जनावर जवळ आहे, हें त्यांनीं कधीं नाकारलें नाहीं.

शहर वाढलें तसा हा शेजार विसरला गेला. २००२ ते २००४ या काळांत उद्यानाच्या आसपास बिबट्यांनीं माणसांवर केलेले हल्ले वाढले व कित्येकांचे प्राण गेले. बिबट्या दिसला कीं पिंजरा लावावा, आणि धरलेलें जनावर दूरच्या जंगलांत नेऊन सोडावें, हाच तेव्हां राजमार्ग समजला जाई. जुन्नर भागांत अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनीं दाखवून दिलें कीं, या हलवाहलवीनें उपद्रव कमी होण्याऐवजीं वाढण्याचाच संभव अधिक. परक्या मुलखांत सोडलेलें जनावर बिथरतें, आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरें येतें.

२००९ मध्यें एका बिबट्यानेंच या विषयांत मोठी भर घातली. पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका नराला बाहेर काढून, गळ्यांत माग दाखविणारा पट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. शांत स्वभावामुळें त्याला ‘आजोबा’ म्हणूं लागले. हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून, रेल्वे, महामार्ग व अखेर वसईची खाडी ओलांडून या उद्यानाच्या परिसरांत येऊन पोहोंचले. वाटेंत गांवें लागलीं, वस्त्या लागल्या. पण त्यांनीं कोणाला इजा केल्याची नोंद नाहीं. २०११ मध्यें महामार्गावर वाहनाच्या धडकेनें त्यांचा अंत झाला. माणसांना चुकवीत आलेला हा पांथस्थ मोटारीला चुकवूं शकला नाहीं.

त्याच २०११ सालीं सुनील लिमये हे उद्यानाचे प्रमुख असतांना वनखातें, अभ्यासक व नागरिक यांनीं मिळून एक लोकशिक्षणाचा उपक्रम आरंभिला. कचरा साचला कीं भटकीं कुत्रीं येतात व त्यांच्यामागें बिबट्या येतो. मुलांना अंधारांत एकटें सोडूं नये. बिबट्या दिसतांच त्याच्याभोंवतीं गर्दी करूं नये. अशा साध्या गोष्टी घरोघर, पोलिसांना व वृत्तपत्रांना सांगण्यांत आल्या. पुढील मोजणींत उद्यान व परिसरांत २०१५ मध्यें ३५ आणि २०१८ मध्यें ४७ बिबटे आढळले. एवढ्या दाट वस्तीच्या कडेला ही संख्या टिकावी, हें नवलच होय. मात्र २०२१ व २०२२ मध्यें आरे भागांत पुन्हां हल्ले झाले, एक बालकहि दगावलें. ही शिकवण एकदां देऊन भागत नाहीं. प्रत्येक नव्या रहिवाशाला ती नव्यानें द्यावी लागते.

राहिला प्रश्न रस्त्याचा. कॅनडांतील बॅन्फ उद्यानांत महामार्गाला कुंपण घालून त्यावर व त्याखालीं जनावरांसाठीं वाटा केल्या, तेव्हां वाहनांशीं होणाऱ्या टकरी ऐशीं टक्क्यांहून अधिक घटल्या. लॉस एंजेलिसजवळ डोंगरी सिंहांसाठीं महामार्गावर पूल बांधण्याचें काम २०२२ मध्यें सुरू झालें. आणि महाराष्ट्रांतच, पेंचच्या जंगलांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर असे नऊ मार्ग बांधण्यांत आले. त्यांखालून वाघासह अठरा जातींचे वन्य प्राणी जातांना छायाचित्रांत टिपले गेले आहेत.

तेव्हां उपाय अज्ञात नाहीं, आणि परदेशीहि नाहीं. ज्या प्रगतीचा गौरव करावा ती हीच कीं, दोन दशकांपूर्वीं ‘बिबट्याला येथून कसें घालवावें’ असें विचारणारा समाज आज ‘त्याला पलीकडे कसें जाऊं द्यावें’ असें विचारूं लागला आहे. ज्या बंदरीं घोडे उतरत त्याच्या वाटेवर आतां मोटारींची रीघ लागते. त्या रांगेंतून रात्रीं एका मुक्या वाटसरूला सुखरूप पलीकडे जातां आलें, तर घोडबंदर रस्त्याच्या इतिहासांतील तेंहि एक मोठें पान ठरेल.